चरवीच्या तळाचं मोहदूध

टाळकऱ्याला कीर्तनात बुवांचं तोंड दिसत नाही. श्रोत्यांना बुवांचे डोळे दिसतात, हातवारे दिसतात, हसू दिसतं. मागे उभ्या राहणाऱ्याच्या वाट्याला येते ती पागोट्याखालची मान. पण नरसीच्या सटवाजीला त्या मानेवरून सगळं कळायचं. मान जराशी मागे गेली की दृष्टांत संपत आला, कलली की धृपद उचलायचं, आणि ताठ झाली की टाळ अलगद मिटायचे, कारण आता बुवांच्या गळ्यात हुंदका अडकलाय. मिसरूड फुटल्यापासून तो असा मागे उभा होता आणि पुढं यावं असं त्याला कधी वाटलं नाही.

गळ्यात तुळशीची माळ, घरी चार म्हशी, एकादशीला उपास. दारूचा थेंब सटवाजीनं उभ्या जन्मात ओठाला लावला नव्हता. आणि तरी दर धुळवडीला नरसीपासून डोंगरकड्यापर्यंतच्या जाणत्या माणसांच्या तोंडाला पाणी सुटायचं ते सटवाजीच्या हातच्या मोहदुधाच्या आठवणीनं.

त्याची रीत अशी. म्हशीचं दूध गोवऱ्यांच्या मंद आचेवर निम्म्याच्याही खाली आटवायचं. कडेला धरलेली साय खरवडून पुन्हा आत सोडायची. खडीसाखर, वेलदोडा, भिजवून वाटलेली चारोळी घालायची. गूळ नाही, गूळ तापल्या दुधाचा वैरी. मग पितळी चरवी ओल्या वाळूत गळ्यापर्यंत रोवायची आणि दूध पार गार होऊ द्यायचं. गार झालं की रवी घालून घुसळायला लागायचं, आणि घुसळता घुसळता मोहाच्या पहिल्या धारेची दारू त्यात सुतासारखी सोडायची. वर फेस चढतो, फेसावर जायफळ. वाटीभर पोटात गेलं की माणसाला वाटतं, कुणीतरी आपल्या डोक्याखाली उशी सारली. लेकरांना त्या चरवीच्या आसपासही फिरकू देत नसत. आबकारीच्या गुत्तेदाराचा शिपाई तेवढा दरसाल तपासायला यायचा, वाटीभर प्यायचा आणि मिशी पुसत म्हणायचा, "दूधच हाय. बराबर हाय."

ही सगळी करामत एकट्या सटवाजीची नव्हती. निम्मी थावराची होती. थावरा डोंगरावरच्या तांड्याचा नाईक. दोघंही तरणे असताना सटवाजीची एक म्हैस डोंगरात चुकली, ती थावराला सापडली. मालकाचा पत्ता लागेपर्यंत त्यानं ती बांधून घातली, धार काढली, आणि दूध टिकावं म्हणून बायकांनी ते आटवून ठेवलं. सटवाजी शोधत शोधत पोचला तो नेमका धुळवडीच्या दिवशी. थावरा हातात सुरई घेऊन बसला होता. म्हणाला, "तुझ्या म्हशीचं दूध, माझ्या झाडाचा मोह. बघू दोघांचं जमतं का." जमलं. तेव्हापासून दूध सटवाजीचं, मोह थावराचा, आणि जीभही थावराचीच.

कारण सटवाजी चाखणार कसा? दूध आटेपर्यंत तो भजन म्हणायचा. कोणत्या चरणाला साय धरते आणि कोणत्या चरणाला आच ओढायची, हे त्याला ठरलेलं. पण सुरईचं बूच निघालं की तो तोंड मिटायचा. देवाचं नाव आणि मोहाची वाफ एका श्वासात नको. तिथून पुढं त्यानं नुसतं थावराच्या तोंडाकडं बघायचं. थावरा बोटभर चाखायचा. डावी भुवई वर गेली तर अजून धार सोडायची. ओठ मुडपले तर साखर. आणि दोन बोटांनी गुडघ्यावर ठेका धरला की झालं, रवी थांबवायची. बुवांची मान आणि थावराचं तोंड, सटवाजीच्या दोन पोथ्या होत्या म्हणा ना.

तांड्यात सगळं वाटून झालं की सटवाजी चरवी विसळायला ओढ्याकडं निघायचा. थावरा त्याला कधी जाऊ द्यायचा नाही.

"राहू दे दादा. वढ्याचं पाणी गढूळ हाय. घरी वैनी घासतील."

ओढ्याचं पाणी आरशासारखं असायचं. सटवाजी मनात म्हणायचा, असंल बाबा, पाव्हण्याला भांडी घासू देत नसतील तांड्यात. आणि ती खरकटी चरवी फडक्यात गुंडाळून घरी आणायचा.

घरी रुख्मिणीबाई, त्याची बायको, चरवी हातात घेताना दरसाल एक वाक्य बोलायची. "देवाच्या दारात टाळ नि तांड्यात चरवी. मराल तवा यमदूत बी घोटाळतील, ह्याला न्यावं तरी कुठं." मग चरवी घेऊन परसात जायची, आणि बराच वेळ घासत बसायची.

रुख्मिणीबाईच्या गळ्यात माळ नव्हती. आळीतल्या बायकांना ह्याचं मोठं नवल. शेजारची पार्वतीबाई तर उखळावर बसल्याबसल्या टोमणा मारायची, "नवरा टाळकरी, नि तू आपली मोकळ्या गळ्याची."

"घालीन की पुढल्या वर्षी. गुडघे दुखून राहिले."

"माळ गळ्यात घालायची असती बाई, गुडघ्यात न्हाई."

तर जर्मनीची दुसरी लढाई सुरू व्हायच्या आदल्या सालची ही गोष्ट. माघात थावराच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू पडली, बोलणं गेलं. सटवाजी दर आठवड्याला भेटायला जायचा, बाजेशी बसून त्याला गावच्या कीर्तनात ऐकलेलं सांगायचा. थावरा ऐकायचा, डाव्या डोळ्यानं हसायचा.

होळीच्या सकाळी थावराची लेक चंदा डोक्यावर पाटी घेऊन सटवाजीच्या दारात उभी राहिली. पाटीत कडब्याच्या चुऱ्यात तीन सुरया होत्या. पोरीचा चेहरा उतरला होता.

"काका, उद्या बाबूसिंग नाईक येऊन राहिलेत," ती म्हणाली.

सटवाजीला ते नाव ठाऊक होतं. शिरड शहापूरच्या पलीकडल्या तांड्याचा म्हातारा नाईक. एका जुन्या धुळवडीला तो थावराकडं येऊन मोहदूध प्याला होता आणि म्हणाला होता, ज्या घरात हे जमतं त्या घरची पोरगी आमच्यात यावी. त्याच्या नातवाला चंदानं जत्रेत पाहिलं होतं, त्यानं तिला पाहिलं होतं, आणि दोघांनी माना खाली घातल्या होत्या. एवढ्यावर सगळं ठरल्यातच जमा होतं. मग थावरा बाजेवर पडला.

"लोक म्हणून राहिले, थावराचं घर आता बसलं," चंदा म्हणाली. "बाबूसिंगांनी निरोप धाडला, धुळवडीला येतो, वाटीवर बोलू."

वाटीवर बोलू म्हणजे काय, हे सटवाजीनं तांड्यात पाहिलेलं होतं. पोराकडचा वडील वाटी तोंडाला लावतो. रिकामी केली तर सोयरीक पक्की. अर्धी खाली ठेवली तर नाही. कुणी भांडत नाही, कुणी कारण विचारत नाही. अर्धी वाटी तशीच राहते आणि माणसं उठून जातात.

"मग करू की आपण," सटवाजी म्हणाला. "न करायला काय झालं?"

"काका, बा पडले त्याच दिवशी भट्टी लावलेली होती. पहिल्या धारेची, मधली, शेवटली, तीन सुरया भरल्या. धावपळीत कोण कुठली ते ध्यानात राहिलंच न्हाई. बा हुंगून सांगायचे. आता त्यांच्या नाकाजवळ धरलं तर नुसते बघतात. परवा गूळ दिला तर माती दिल्यागत तोंड केलं." चंदानं पदरानं नाक पुसलं. "आमच्यात लगीन होईतो पोरी ओठाला लावत न्हाईत. तांड्यात कुणाला इचारावं, तर सांजच्याला बाबूसिंगाच्या कानावर जाईल, की थावराच्या घरी सुरई वळखणारं बी कुणी उरलं न्हाई."

सटवाजीनं पाटी उतरवून घेतली. "तू जा लेकरा. बाला सांग, उद्या चरवी भरून घेऊनच येतो. पाव्हण्यांपुढं त्याला भुवई हलवायची बी तकलीफ न्हाई."

चंदा गेल्यावर रुख्मिणीबाई दारातून म्हणाली, "ते घरात आणायचं न्हाई. देव्हारा हाय आत."

"गोठ्यात ठिवतो."

"म्हशी पितील."

"म्हशीला काय माळ हाय?"

रुख्मिणीबाईनं ओठ दाबले, पण हसू डोळ्यांत आलंच.

त्या संध्याकाळी देवळात कीर्तन होतं. बुवांनी दृष्टांत दिला तो पळीचा. पळी साऱ्या पंगतीला वाढते, खिरीत बुडते, आमटीत बुडते, पण तिला चव कशाची? तसाच नुसत्या पाठांतराचा माणूस. श्रोते माना डोलवत होते. मागे टाळ धरून उभा सटवाजी मनाशी म्हणाला, व्हय देवा, मी पळीच हाय. पण पळी न्हाई तर पंगतीला वाढावं कुणी? मग त्यालाच आपलं बोलणं आगाऊपणाचं वाटलं आणि त्यानं टाळ जरा जोरात वाजवला. बुवांची मान किंचित वळली.

धुळवडीला पहाटेच दूध चुलीवर चढलं. सटवाजी भजन म्हणत होता, रुख्मिणीबाई आच सारत होती. आटलेलं दूध एका चरवीत मावेना, म्हणून दोन चरव्यांत ओतलं आणि दोन्ही गोठ्यात ओल्या वाळूत रोवल्या. ऊन कलायच्या आधी दूध गार झालं. सटवाजीनं हातपाय धुतले, तीन सुरया समोर मांडल्या आणि एकेकीचं बूच काढून नाक लावलं.

आता दारू न पिणाऱ्या माणसानं दारूची पारख करायची म्हणजे आंधळ्यानं चांदण्या मोजण्यासारखं. तिन्ही पाण्यासारख्या नितळ. पहिलीला वास जवळजवळ नाहीच, कुठं दूर रानात फूल पडल्यासारखा. दुसरीला थोडा. तिसरीचा असा भपकारा आला की म्हैस फुरफुरली. सटवाजीनं हिशेब केला: पहिल्या धारेची सगळ्यांत कडक, थावरा नेहमी सांगायचा. कडक ती उग्र वासाची असणार. त्यानं तिसरी सुरई उचलली, एका हातानं रवी फिरवायला घेतली आणि दुसऱ्या हातानं धार सोडली.

पाच-सात वेढे झाले असतील. रवीचा आवाज बदलला. फेसाचा मऊ आवाज असतो, फुस्स फुस्स असा. तो गेला आणि पाण्यात काठी फिरवल्यासारखा पचक पचक आवाज यायला लागला. सटवाजीनं रवी वर उचलली. पात्यांना दह्यासारख्या गुठळ्या लोंबत होत्या, खाली पिवळसर पाणी.

दूध नासलं होतं.

तो तसाच वाळूत बसला. त्याच्या हातून चुलीवर कधी दूध उतू गेलं नव्हतं, नासणं तर लांबच. आणि नासलं ते आज, सोयरिकीच्या दिवशी, चंदाच्या वाटीचं. त्याला थावराचं तोंड दिसायला लागलं. डावी भुवई वर नाही, ओठ मुडपलेले नाहीत, नुसतं बघणारं तोंड.

आवाज ऐकून रुख्मिणीबाई गोठ्यात आली. तिनं चरवीत पाहिलं. चरवी उचलून उकिरड्याशी गेली, खड्डा करून सगळं पुरलं, वर शेण टाकलं, चरवी घासून पालथी घातली आणि परत आली.

"कुणाला बोलू नका," ती म्हणाली. "दुसरी चरवी हाय ना?"

"हाय. पर सुरई कंची? पहिली का दुसरी? हे बी गेलं तर पोरीच्या वाटीत काय घालू? कसं कळावं मला?"

"चाखल्याबिगर न्हाई कळायचं."

"तेच तर."

 सटवाजीचा हात गळ्याशी गेला. माळेची गाठ मानेमागं होती, बापानं बांधलेली. ती त्यानं कधी सोडली नव्हती. दोरा झिजला की नवा दोरा जुन्यातूनच ओवून घ्यायचा. त्याची बोटं गाठीवर थांबली.

"घडीभर खुंटीला ठिवतो," तो म्हणाला.  "देवाला ठाऊक हाय, मी काय मजेसाठी न्हाई... त्या पोरीसाठी... मग परत गुरूकडून घालून घेईन. प्रायश्चित्त करीन काय ते."

"थांबा."

रुख्मिणीबाई त्याच्या समोर येऊन बसली. तिनं त्याचा हात गळ्यावरून काढून खाली ठेवला, लेकराचा ठेवावा तसा.

"माझ्या गळ्यात कुठं माळ हाय," ती म्हणाली. "आणा इकडं ती सुरई."

तिनं पदर खोचला. पहिल्या सुरईतले चार थेंब तळव्यावर घेतले आणि जिभेनं टिपले. डोळे मिटले.  मग ती घोटभर पाणी प्याली, दुसरीचे थेंब घेतले, तोंड वाकडं केलं.

"ही मधली. जळतं, पर मागून काही येत न्हाई. ही पहिली जी हाय ना, ती जिभेला आदी चटका देती, मग गप होती, नि मग घशातून फुलाचा वास वर येतो. हीच ती. आणि तुमी नासवलं ते शेवटल्या धारेचं. आंबूस असतं ते. वास मोठा असला म्हणून काय झालं? रिकामं भांडं जास्त वाजतं."

सटवाजी तिच्याकडं बघत राहिला.

"बघून काय राहिले? सोडा धार. बारीक सोडा, दोऱ्यावानी. मी रवी धरते."

त्यानं धार सोडली. रवी फिरायला लागली. फुस्स फुस्स, मऊ आवाज आला, आणि चरवीच्या गळ्यापर्यंत पांढरा फेस चढत आला. सटवाजी सवयीनं समोरच्या तोंडाकडं बघायला लागला. पण हे तोंड थावराचं नव्हतं. ह्या तोंडावरचं त्याला काही वाचता येईना. इतकी वर्षं घरात असून ही पोथी त्यानं कधी उघडलीच नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला आपलीच लाज वाटली.

रुख्मिणीबाईनं बोट बुडवून चाखलं. "अजून जरा." पुन्हा चाखलं. "बस. आता जायफळ घाला. आणि मिठाचा एक कण टाका."

"मीठ? दुधात?"

"कण म्हणलं, मूठ न्हाई. थावराभाऊ टाकतात. तुमी तवा वाटी पुसत असाल, तुमच्या ध्यानात येत न्हाई."

"तुला गं काय ठाऊक, थावरा काय टाकतो ते? तू तर तांड्यावर कधी आली न्हाईस."

रुख्मिणीबाईनं पदर तोंडाला लावला. चेहरा लाल झाला होता, आचेनं नव्हे.

"घरात चरवी कोण घासतं?" ती म्हणाली.

सटवाजीला कळायला जरा वेळ लागला.

"दरसाल?"

"तळाला असायचं की. चांगलं वाटीभर. टाकवत न्हाई हो मला, दूध हाय ते." ती खाली बघत बोलत होती, पण खालच्या आवाजात हसू होतं. "आता कळलं, माळ काहून न्हाई घातली? गळ्यात माळ घालून परसात चोरून प्यायचं, ते मला जमणार न्हाई. मोकळ्या गळ्यानं प्याले ते निदान खोटं तरी न्हाई."

 सटवाजीनं जायफळ उगाळलं, मिठाचा कण टाकला, आणि चरवीचं तोंड ओल्या फडक्यानं बांधलं. मग म्हणाला, "तू बी चल तांड्यावर. वाटंत फेस बसला तर कुणी सांगावं मला?"

दोघं डोंगर चढून तांड्यावर पोचली तेव्हा बाबूसिंग नाईक येऊन बसला होता. दाट पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडी, बरोबर त्याच्या तांड्याची चार माणसं. थावराची बाज अंगणात आणून ठेवली होती, पाठीला गोधड्यांचा टेकू. चंदा दाराआड उभी होती. तिच्या हातातल्या बांगड्या वाजत नव्हत्या, म्हणजे तिनं हात घट्ट धरून ठेवले होते.

"थावरा, तब्येत बराबर दिसत न्हाई तुझी," बाबूसिंग म्हणाला. आवाजात माया होती, पण माप घेणंही होतं. त्याची नजर छपरावरून, कुडावरून फिरून परत बाजेवर आली.

सटवाजीनं चरवीचं फडकं सोडलं आणि कांशाची वाटी भरली. फेस काठावर थरथरला. त्यानं वाटी आधी थावराच्या ओठांशी नेली. रीत होती ती. थावराच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून घोट आत गेला, उजव्या कोपऱ्यातून थोडा ओघळला. सटवाजीनं तो आपल्या उपरण्यानं पुसला. थावराच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्याला चव कळली नव्हती.

पण त्याचा डावा डोळा वळला. वाटीकडं नाही, सटवाजीकडंही नाही. चरवीशेजारी पदर घेऊन उभ्या असलेल्या रुख्मिणीबाईकडं. रुख्मिणीबाईनं मान हलवली, कुणाच्या लक्षात येईल न येईल अशी. आणि थावराच्या डाव्या हाताच्या दोन बोटांनी बाजेच्या लाकडावर ठेका धरला.

सटवाजीनं ते पाहिलं. त्याला त्या घडीला नीटसं उमगलं नाही. त्यानं वाटी बाबूसिंगाच्या हातात दिली.

म्हातारा संथ प्यायला. अर्धी वाटी झाली असेल आणि त्यानं ती तोंडापासून खाली आणली.  दाराआड एक बांगडी वाजली. बाबूसिंगानं वाटी गुडघ्यावर टेकवली, दुसऱ्या हातानं मिशीवरचा फेस पुसला, डोळे मिटले आणि काहीतरी आठवत राहिला. सटवाजीच्या मनात नाम चाललं होतं. चरवी उघडी होती, मोहाचा वास अंगणभर होता, तरी चाललं होतं. देवानं तेवढं माफ केलं असेल.

मग म्हाताऱ्यानं वाटी उचलली आणि तळापर्यंत रिकामी केली. रिकामी वाटी त्यानं आपल्या तळहातावर पालथी घातली. एक थेंबही पडला नाही.

"थावरा," तो म्हणाला, "मी उगाच घाबरलो होतो. तुझ्या घराचं आढं जागच्या जागी हाय. पोरीला बोलाव."

चंदा बाहेर आली ती बापाच्या पायाशीच बसली. तिनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि उचलेचना. थावराचा डावा हात तिच्या केसांवर फिरत राहिला. बायकांनी गाणं धरलं, वाट्या फिरल्या, चारी पाव्हण्यांनी ओठ पुसले. बाबूसिंग दुसऱ्या वाटीनंतर म्हणाला, "सटवाजी, तुझ्या गळ्यात माळ नसती ना, तर तू दारुडा झाला असतास. एवढा चांगला हात देव उगाच देत न्हाई." सगळे हसले. सटवाजीही हसला.

चरवी संपत आली. बाबूसिंगाच्या बरोबरचा एकजण वाटी पुढं करून बसला होता. सटवाजीनं तळाचं ओतायला चरवी तिरपी केली, तोच तिच्या काठावर एक हात पडला. थावराचा. बाजेवरून तो इतका वाकला होता की चंदानं त्याला धरलं. त्यानं चरवी सरळ केली, ओतू दिली नाही. आणि बोट रुख्मिणीबाईकडं केलं.

"वै..." त्याच्या घशातून आलं. माघापासून थावराच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.  थावरानं पुन्हा जोर केला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. "वै... नी."

रुख्मिणीबाईनं दोन्ही हातांनी पदर तोंडावर ओढला.

तेव्हा सटवाजीला सगळं उमगलं. ओढ्याचं आरशासारखं पाणी. राहू दे दादा, घरी वैनी घासतील. चांगलं वाटीभर, दरसाल, तळाला. न पाहिलेल्या वैनीचा वाटा, न बोलता धाडलेला, आणि तिनं न बोलता घेतलेला. आणि मधे ती चरवी फडक्यात गुंडाळून इमानानं वाहणारा तो स्वतः.

बुवांची पळी त्याला आठवली. त्याला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. थावराचा हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग म्हणाला, "तुमच्या वढ्याचं पाणी लई गढूळ हाय लेका."

थावराचं अर्धं तोंड हसलं. तेवढं पुष्कळ होतं.

परत निघाली तेव्हा दिवस डोंगराच्या खांद्यावर टेकला होता. चरवी रुख्मिणीबाईच्या काखेत होती, तोंडाला फडकं. दोघं ओढ्यापर्यंत उतरली. तिथं एक सपाट धोंडा होता.

"बस," सटवाजी म्हणाला. "घरी जाईतो फेस बसंल. परसात चोरून काहून प्यायचं आता?"

"तुमच्यासमोर?"

"मी इकडं बघतच न्हाई."

तो तिच्याकडं पाठ करून ओढ्याच्या काठाशी उभा राहिला आणि भजन म्हणायला लागला. टाळ नव्हते, म्हणून टाळ्या वाजवल्या.  मागं फडकं सोडल्याचा आवाज आला, आणि जरा वेळानं रुख्मिणीबाईचा, धृपद मागून उचलणारा, मोकळा आवाज. इतक्या वर्षांत ती त्याच्यामागं अशी गायली नव्हती. कदाचित त्यानं कधी पुढं उभं राहून तिला जागाच दिली नव्हती. तिला आता फक्त त्याची मान दिसत असेल, त्याला वाटलं, आणि मानेवरून तिला काय काय कळत असेल कोण जाणे.

चरण संपला. तो वळला नाही.

"मग," तो म्हणाला, "माळ कवा घालतीस?"

"पुढल्या वर्षी," रुख्मिणीबाई म्हणाली, आणि चरवी विसळायला ओढ्याच्या पाण्यात उतरली.